पोर्टेबल क्रिब (घडीचा पाळणा): खान्देशातल्या घरांमधून सारखे येणारे प्रश्न

माझ्या मोठ्या मुलीच्या वेळेस आम्ही पुण्यात राहायचो आणि बाळंतपण, आखाजी (अक्षय्य तृतीया), लग्नसराई, सगळ्याला जळगावला माहेरी किंवा धुळ्याला सासरी यायचो, म्हणून घडीचा पाळणा घेतला. तेव्हापासून नात्यातल्या, ओळखीतल्या मुली फोनवर तेच तेच प्रश्न विचारतात, बहुतेक रात्री अकराला, बाळ कडेवर रडत असताना. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलं. आजारी बाळाचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.

पोर्टेबल क्रिब म्हणजे नक्की काय? आपल्या पाळण्यासारखंच का?

नाही, हा हलत नाही. धातूचा सांगाडा, चारी बाजूंना जाळी, खाली कडक सपाट तळ आणि त्यावर त्याच्याच मापाची पातळ गादी, आणि घडी करून बॅगेत जातो. वजन साधारण १० किलोच्या आसपास असतं. दुकानात कोणी प्लेपेन म्हणतं, कोणी ट्रॅव्हल कॉट, कोणी घडीचा पाळणा. काहींना वरच्या बाजूला एक उंच तळ लावता येतो, त्याला बॅसिनेट म्हणतात, तो तान्ह्या बाळासाठी, म्हणजे बाळंतिणीला फार वाकावं लागत नाही. फक्त प्लास्टिकच्या कुंपणासारखं जे मिळतं ते खेळायला ठीक आहे, पण त्याला झोपायचा तळ नसतो, त्यात रात्री झोपवू नका.

घरात लाकडी पाळणा आहे, साडीची झोळी पण बांधलीय, मग हा खर्च कशाला?

पाळणा सपाट असेल, न हलवता स्थिर ठेवता येत असेल, कडा उंच असतील आणि दांड्यांमधलं अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल (टेप लावून मोजा, अंदाजाने नको) आणि तुमचं कुठं जाणं-येणं नसेल, तर नका घेऊ, खरंच गरज नाही. आमच्या आजोळचा पाळणा मी मोजला तर दोन दांड्यांमध्ये माझी आख्खी मूठ जात होती, बाळाचं अंग त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं, धोका तो असतो.

झोळीचं वेगळं आहे. झोळीत बाळाची पाठ गोल होते, हनुवटी छातीला टेकते आणि तान्ह्या बाळाची श्वासाची नळी इतकी नाजूक असते की ती वाट तिथेच अरुंद होते, शिवाय तोंडाजवळ कापड येतं. आपण सगळे झोळीत वाढलो हे खरं, पण तेव्हा झोळीजवळ आजी बसलेली असायची, दोरी तिच्या हातात असायची. आता दुपारी घरात आई एकटी असते आणि रात्री तिचाही डोळा लागतो. जागं माणूस समोर असताना थोडा झोका देऊन शांत केलं तर समजू शकते, पण बाळाचा डोळा लागला की त्याला उचलून सपाट जागेवर, मग ती क्रिब असो की पाळणा. आणि घरात चार-पाच वर्षांचं मोठं पोर असेल तर रिकामी झोळी लटकत ठेवू नका, मुलं त्यात गोल गोल फिरतात आणि कापडाला गळ्याभोवती पीळ बसतो.

कोणत्या वयापासून चालतो आणि कधी थांबवायचं?

बहुतेक क्रिब जन्मल्यापासून चालतात, पण वरचा बॅसिनेट आणि खालचा तळ यांची मर्यादा वेगळी असते आणि लोक तिथेच चुकतात. बॅसिनेट साधारण ७ किलोपर्यंत किंवा बाळ कुशीवर वळायला, हातापायांवर उठायला लागेपर्यंत, यातलं जे आधी होईल ते. खालचा तळ बऱ्याच मॉडेलला १४ किलो किंवा साधारण ८९ सेंटीमीटर उंचीपर्यंत. तुमच्या मॉडेलचा आकडा पाळण्यावरच्या लेबलवर असतो, तोच पाळा. बाळ वजनाने कमी असलं तरी वळायला लागलं की बॅसिनेट बंद, तिथे वजन बघत बसायचं नाही. चढून बाहेर यायचं वय शेवटच्या प्रश्नात आहे.

दुकानात गेल्यावर काय काय बघायचं?

रंग आणि वरची खेळणी सोडून बाकी सगळं. आधी दुकानदाराला म्हणा, घडीतून उघडून दाखवा, मग परत घडी करा, आणि मग तुम्ही स्वतः करा. हे न करता घेऊ नका. चारही वरच्या दांड्यांना लॉक लागल्याचा आवाज आला पाहिजे, आणि लागल्यावर दांडीच्या मधोमध तळहाताने जोरात दाबलं तरी ती खाली बसली नाही पाहिजे. अमेरिकेत १९९० च्या दशकात अशा घडीच्या पाळण्यांच्या वरच्या दांड्या मध्येच मोडून इंग्रजी व्ही सारखा आकार व्हायचा आणि त्यात मान अडकून बाळं दगावली, तो माल परत मागवावा लागला. म्हणून मी लॉकवर एवढा जोर देते.

मग जाळी. भोकं बारीक पाहिजेत, शर्टाचं बटण अडकेल एवढं मोठं भोक नको, कुठे उसवलेलं, ढिलं नको. जाळीला नाक लावून स्वतः श्वास घेऊन बघा. तळाची गादी कोपऱ्यात दाबून बघा, गादी आणि बाजू यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहिली तर तो पीस सोडा. चाकं असतील तर त्यांना ब्रेक पाहिजे. एक बाजू खाली सरकणारे लाकडी पाळणे कोणी दाखवले तर सरळ नाही म्हणा, त्यांच्यावर अमेरिकेत २०११ पासून विक्रीबंदी आहे कारण बाजू निसटून बाळं फटीत अडकायची. ज्याचा तळ डोक्याकडून तिरका वर केलेला आहे किंवा जो झोपाळ्यासारखा खोलगट आहे तो झोपायला घेऊच नका. खोक्यात मराठी नाहीतर निदान हिंदी-इंग्रजी माहितीपत्रक असलं पाहिजे, नसेल तर लेबल तरी बघा.

ऑनलाइन घेतला तरी हेच सगळं घरी खोकं उघडल्यावर करा, परतीची मुदत संपायच्या आत.

उघडताना लॉकच लागत नाही, काय चुकतंय?

क्रम चुकतोय, बहुतेक सगळ्यांचा हाच चुकतो. खूप मॉडेलमध्ये तळाचा मधला भाग आधी वर उचललेला ठेवायचा, मग चारी वरच्या दांड्या ओढून लॉक करायच्या, आणि सगळ्यात शेवटी मधला भाग पायाने खाली दाबायचा. मधला भाग आधीच खाली गेला तर दांड्या ताणल्या जातात आणि लॉक अर्धवट लागतं. अर्धवट लागलेलं वरून लागल्यासारखंच दिसतं, हे फार वाईट. मला हे कसं कळलं तर धुळ्याला सासरी रात्री एकला पोचलो होतो, अंधारात घाईत उघडला, मुलीला ठेवायच्या आधी सहज कडेवर हात टेकवला आणि ती दांडी खटकन आत गेली. मुलगी माझ्या खांद्यावरच होती. त्या रात्रीपासून मी चारही दांड्या दाबल्याशिवाय बाळ ठेवत नाही, दिवसातून तीनदा ठेवायचं असलं तरी तीनदा.

आईने नवीन कापसाची मऊ गादी करून घेतलीय, क्रिबची गादी फार कडक वाटते, वरून टाकू का?

नको. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जड जातं, कारण त्या गादीत प्रेम असतं. आपल्याकडे कापूस घरचा, पिंजून आणलेला, आजी हात फिरवून बघते आणि म्हणते, इतली कडक गादी कसाले पोऱ्याले? माझ्या आईनेही केली होती, पिवळ्या फुलांच्या कापडाची.

पण बाळाला मऊ गादीची गरज नसते. मऊ गादीत तोंड रुततं, आणि तीन-चार महिन्यांच्या बाळाला मान उचलून बाजूला घेता येईलच असं नाही, मग श्वासातून बाहेर सोडलेली तीच हवा ते परत आत घेत राहतं. दुसरं म्हणजे जाळीच्या क्रिबमध्ये वरून गादी टाकली की बाजूची जाळी बाहेर फुगते आणि गादी-जाळीच्या मध्ये खोबण तयार होते, बाळ वळून त्या खोबणीत जातं. म्हणून या क्रिबची मूळ गादी पातळच असते, साधारण दीड इंचाच्या आत, आणि ती तेवढीच ठेवायची. वर एक घट्ट बसणारी सुती चादर, बस. गोधडी घडी करून खाली घालणं हेही तेच झालं.

आम्ही ती फुलांची गादी दिवसा खाली जमिनीवर अंथरायचो, मुलगी जागी असताना तिच्यावर पालथी पडून खेळायची आणि आई शेजारी बसायची. आईला वाईट वाटलं नाही.

मोहरीची उशी तरी ठेवू ना? डोकं गोल नको का व्हायला?

झोपताना नाही. कुठलीच उशी वर्षभराच्या आत नको, मोहरीची, कापसाची, घोड्याच्या नालाच्या आकाराची, कुठलीच. डोकं गोल करायचं असेल तर रोज एकदा उशाची बाजू बदला, म्हणजे बाळ आईकडे बघायला मान दुसऱ्या बाजूला फिरवेल, आणि जागं असताना, तुमच्या समोर, पोटावर खेळवा, सुरुवातीला दोन-तीन मिनिटं पण दिवसातून तीन-चार वेळा. थोडं चपटं झालेलं डोकं बहुतेक वेळा बाळ बसायला लागलं की आपोआप सुधारतं. मान एकाच बाजूला राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पाठीवरच का झोपवायचं? दूध वर आलं तर श्वासाच्या नळीत जाणार नाही का?

नाही जाणार, आणि ही भीती सगळ्यांना असते. पाठीवर असताना श्वासाची नळी अन्ननळीच्या वर असते, म्हणजे वर आलेल्या दुधाला चढून नळीत जावं लागेल, उलट पालथं असताना ते सरळ नळीच्या तोंडाशी येतं. निरोगी बाळ गिळतं नाहीतर खोकून बाहेर काढतं. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना पाठीवर झोपवायची मोठी मोहीम झाली आणि त्यानंतर झोपेतले अचानक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

डोक्याखाली घडी घालून क्रिबचा तळ उंच करणं पण नको. १० अंशांपेक्षा जास्त उतार असला की बाळ खाली घसरतं आणि मान वाकते. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, वीसेक मिनिटं उभं धरा, मग सपाट ठेवा. उलटी हिरवी असेल, फवाऱ्यासारखी असेल, वजन वाढत नसेल तर लगेच दवाखाना.

बाळ झोपेत आपोआप पालथं पडतं, रात्रभर उलटं करत बसू का?

तुम्ही पाठीवर ठेवा. ते स्वतःहून दोन्हीकडून वळू शकत असेल तर त्याला राहू द्या. पण वळायच्या हालचाली दिसायला लागल्या की दुपट्यात घट्ट गुंडाळणं त्याच दिवशी बंद, हात बांधलेलं बाळ पालथं पडलं तर त्याला काहीच करता येत नाही.

मे महिन्यात आमच्याकडे ४५ अंश असतं, जाळीच्या आत बाळ गुदमरणार नाही का? कूलर चालेल?

जाळीतून हवा खेळते, लाकडी बंद पाळण्यापेक्षा बरीच जास्त. फक्त जाळीवर कुणी ओढणी, चादर टाकू नका, उजेड लागतो म्हणून टाकतात आणि आत हवा कोंडून तापते. भुसावळ, जळगाव, यावल, रावेरकडे दुपारी पत्र्याच्या घरात जी धग असते त्यात मी क्रिब घरातल्या सगळ्यात गार खोलीत, खालच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवायला सांगते. कूलर चालतो, पण झोत सरळ बाळाच्या अंगावर नको, भिंतीकडे तोंड करा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमट होऊन आणखी घालमेल होते. कूलरची वायर आणि पाण्याचा पाइप क्रिबपासून हातभर तरी लांब.

अंगात एक सुती झबलं पुरे. मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून बघा, तिथे घाम आणि गरम लागलं तर कपडे कमी करा, हातपाय गार असणं हे मोजमाप नाही. घरात झोपताना टोपी नको, बाळ डोक्यातून उष्णता सोडतं. सहा महिन्यांच्या आत कितीही ऊन असलं तरी वरचं पाणी नाही, अंगावरचं दूध जास्त वेळा. लघवी फार कमी झाली, बाळ मलूल झालं, अंग तापलं तर वाट बघू नका.

मग डिसेंबर-जानेवारीत काय पांघरायचं? धुळ्याला तर कडाका असतो.

पांघरूण नाही, कपडे. आपल्या अंगात जेवढे थर असतील त्यापेक्षा एक जास्त एवढाच हिशोब. बाळाचं अंगात घालायचं स्लीपिंग सॅक मिळतं, गळ्याला आणि बगलेला नीट बसणारं, ते चांगलं, तोंडावर येत नाही. आजी म्हणेल, पोऱ्याले थंडी लागी जाई, तेव्हा तिला बाळाच्या मानेला हात लावायला सांगा, बहुतेक वेळा तीच म्हणते गरम आहे. शेगडी पेटवून बाजेखाली बाळंतिणीला शेक देतात तेव्हा क्रिब त्या खोलीत नको, ओवा-उदाची धुरीही नको. धूर तान्ह्या छातीला सोसत नाही, आणि बंद खोलीतल्या कोळशाचा विषारी वायू तर वासाने कळतही नाही. घरातल्या विडी-सिगरेटचंही तेच.

वीज गेली की आम्ही गच्चीवर झोपतो, क्रिब वर नेऊ का? आणि डास?

नेऊ शकता. सपाट जागा, कठड्यापासून आणि जिन्यापासून लांब, आणि तुमच्या अंथरुणाच्या शेजारी हात पोचेल एवढ्यावर. मच्छरदाणी क्रिबच्या मापाचीच, वरून ताणून बसवलेली, आत लोंबणारी नको, दोरी आत येत नको. सकाळचं ऊन गच्चीवर लवकर येतं, त्याआधी खाली आणा. बाळासकट क्रिब उचलून जिना चढू-उतरू नका, आधी बाळ, मग क्रिब.

मळ्यातल्या घरात क्रिब भिंतीला टेकवू नका, घडी उघडल्यावर आणि रोज गादी उचलून खाली बघा, पावसाळ्यात विंचू अशाच अंधाऱ्या घडीत बसतो. बॅग दोरीला वर टांगून ठेवा.

बारशाला पाळण्याला फुलं, घुंगरू बांधतात, बाळाच्या गळ्यात काळे मणी असतात. चालेल ना?

बारशाच्या कार्यक्रमापुरतं, सगळे समोर असताना, करा हौसेने. कार्यक्रम झाला की फुलं, दोरे, फुगे, सगळं काढा, मग झोपवा. गळ्यातला दोरा झोपताना काढलाच पाहिजे, तो कशात अडकला तर गळा आवळतो, आणि सुटा मणी घशात जातो. दृष्टीचं तीट कपाळाला-तळपायाला लावा, त्याने काही बिघडत नाही. कडेला बांधायच्या फुगीर गाद्या, ज्यांना बंपर म्हणतात, त्यांचीही गरज नाही, जाळीच्या क्रिबला तर मुळीच नाही. मऊ खेळणीसुद्धा झोपेत बाहेर.

क्रिबमध्ये ठेवलं की दोन मिनिटांत रडतं, शेजारी घेऊन झोपू का?

बाळ तुमच्याच खोलीत, पण वेगळ्या जागेवर, निदान सहा महिने, हे सगळ्यात चांगलं. तुमच्या खाटेला लागून क्रिब लावा, म्हणजे रात्री पाजायला लांब जावं लागत नाही. सुरुवात दिवसाच्या एका झोपेने करा. पेंगुळलेलं ठेवा, पूर्ण झोपेपर्यंत थांबू नका, आधी पाय-ढुंगण टेकवा मग डोकं, आणि छातीवर हात ठेवून मिनिटभर थांबा. माझ्या धाकट्याला नऊ दिवस लागले. रात्री पाजताना डोळा लागेल असं वाटत असेल तर सोफ्यावर-खुर्चीत मुळीच बसू नका, ते खाटेपेक्षाही धोक्याचं.

रेल्वेत, गाडीत वापरता येतो का?

नाही. बर्थवर बसत नाही आणि धक्क्याने उलटतो, तो पोचल्यावर वापरायचा. पुण्याहून जळगाव म्हणजे आठ-नऊ तास, कारने येत असाल तर बाळ मागे तोंड केलेल्या कार सीटमध्ये, मांडीवर नाही, आणि दर दीड-दोन तासाला थांबून बाहेर काढा. गाव आलं की सीटमध्येच झोपलेलं ठेवू नका, मान वाकते, सपाट क्रिबमध्ये हलवा.

नणंदेचा पाच वर्षं जुना क्रिब मिळतोय, घेऊ का?

वरचं दुकानवालं सगळं तपासा, त्याशिवाय गंजलेली दांडी, उसवलेली जाळी, हरवलेला स्क्रू, दुसऱ्याच मापाची गादी, यातलं एकही असेल तर नको. तारेने, दोरीने बांधून दुरुस्त केलेला तर आधीच बाद. मॉडेलचं नाव आणि तारीख लेबलवर असते, त्यावरून कंपनीने तो परत मागवलाय का ते नेटवर शोधा. लेबलच नसेल तर खात्री होत नाही, म्हणून मी घेणार नाही.

धुवायचा कसा?

जाळी आणि कापड ओल्या फडक्याने, सौम्य साबणाने. गादीचं कव्हर निघत असेल तर वेगळं धुवा. सावलीत पूर्ण वाळवा, आपल्या उन्हात प्लास्टिकचे लॉक तडकतात. ओला असताना घडी केली तर बुरशी येते. चादर निदान दोन, तीन असल्या तर बरं.

बाळ आठव्या महिन्यातच जन्मलं, वजन कमी आहे, तेच नियम का?

घरी आणल्यावर झोपवायचं तसंच, पाठीवर, सपाट, रिकाम्या जागेत. पण अशा बाळाला ऊब धरून ठेवता येत नाही, कांगारू पद्धतीने छातीशी किती वेळ ठेवायचं हे दवाखान्यातून नीट विचारून या, आणि ते जागं असलेल्या माणसाने करायचं असतं. काही बाळांना यंत्र किंवा खास झोपण्याची पद्धत सांगितलेली असते, तिथे डॉक्टरांचं ऐकायचं, माझं नाही.

आता ते कडेला धरून उभं राहतं, पाय टाकायला लागलंय. काय करू?

बॅसिनेट केव्हाच निघालेला असला पाहिजे, नसेल तर आत्ता काढा. आत पाय देऊन उभं राहता येईल अशी कुठलीही वस्तू, गुंडाळलेली चादर, मोठं खेळणं, ठेवू नका. आसपास खिडकी, पडद्याची दोरी, चार्जर, फ्रिजची वायर हाताला लागता कामा नये. कड छातीच्या खाली यायला लागली किंवा एकदा जरी पाय वर गेला तर क्रिब संपला, मग आकडा कितीही शिल्लक असो. तेव्हा खाली जमिनीवर कडक पातळ गादी, भिंतीपासून थोडी लांब, दाराला कडी. आमच्याकडे सतराव्या महिन्यात हे झालं, दुपारी दोनला, मी पोळ्या लाटत होते आणि दारात आवाज आला, बघते तर पोर क्रिबच्या बाहेर उभं, हातात स्वतःचा मोजा. त्याच संध्याकाळी घडी करून माळ्यावर टाकला.